डाळजचा निरोप

त्या येळंला बारामतीच्या दवाखान्यात कोन कोन हुतं ते आदी सांगते, मागनं कुनी म्हनाय नगं की म्हातारी मनचंच सांगती. आमचं मालक हुतं, भिताडाला टेकून गप उभं. धाकलं दीर बापूराव हुतं. डॉक्टरसायेब हुतं आन एक शिस्टर. माजी सासू हुती, त्यास्नी मी आत्याबाई म्हनायची. आन खाटंवर मी हुते. मी हाय, ह्ये मातर निम्म्या मान्सास्नी पटत न्हवतं.

सांगायचंय ते आत्याबाईंचं. त्यांच्या हाती निरोप दिला की त्यो पोचायचाच न्हाय, ही त्यांची गावभर ख्याती. शेळगावात समदी त्यास्नी माघारी 'तार' म्हनायची. तोंडावर कोन म्हनतंय? एकदा शेजारनीची म्हस सुटून आमच्या कडवाळाच्या वैरनीत शिरली. मी म्हनलं, आत्याबाई, तेवढं त्यास्नी सांगून या. आत्याबाई गेल्या. त्यांच्या उंबऱ्यात बसल्या, तांदूळ निवडू लागल्या, लेकीच्या बाळातपनाचं इचारलं, च्या पिल्या आन पदरात शेवग्याच्या शेंगा घिऊन आल्या. मी इचारलं, "सांगितलं का?" तर कपाळाला हात लावून म्हनत्यात, "आगं बया! त्येच ऱ्हायलं की!" तवर म्हस खाऊन, रवंथ करून, आपली आपन घरी गेल्ती.

बोलायची भूक लई. ल्हानपन मेंढरामागं गेल्यालं. बाप रानोमाळ मेंढरांचा वाडा घिऊन हिंडायचा, आन ह्या दिसदिसभर मेंढराबर एकल्या. त्या म्हनायच्या, "मेंढराशी बोलून बोलून किती बोलनार? त्यानं 'ब्यँ' केलं की संपलं." लगीन होऊन गावात आल्या, मानूस दिसलं, तवापासनं तोंडाचा पट्टा सुटला त्यो सुटलाच.

पर कामाला कडक. आमच्या घरात त्यांचा एक सबूद चालायचा, "खुरपनी सरल्याबिगार म्हायेर न्हाय." उसाची लागन झाली की खुरपनी, खुरपनी झाली की परत खुरपनी, आन ती सरती कुठं? मी त्या घरात आले ती रानाला जुपल्यागतच. म्हायेर डाळजला, फार लांब न्हवं. पर बांदाच्या पल्याड जायाला हुकूम लागायचा.

माजी आई गेली तवा मी रानातच हुते. सांगावा आला तो ती गेल्याचाच. ती आजारी हुती ह्येबी मला तितं गेल्यावर कळलं. आईनं मला बोलावलं कसं न्हाय, मरताना तिला माजी याद आली न्हाय का, ह्यो काटा मनात घिऊन मी काय वर्सं काढली. कुनाला इचारनार?

मंग त्यो उन्हाळा आला. भुईवर पटकूर टाकून निजायचो. एक दिस तांबडं फुटताना जाग आली ती पोटात कळ मारून. काय खाल्लं का, इसबगोल घे, वावडिंग घे, असं चाललं. मला पापन्या जड वाटाय लागल्या. आत्याबाई म्हनाल्या, "पान लागलं का काय हिला?" आमच्याकडं साप चावला म्हनत न्हायीत, पान लागलं म्हनत्यात. मंग लिंबाचा पाला आनला. इख भिनलं आसंल तर कडू लिंब गोड लागतो, अशी आमच्यात समजूत. मला चावाया दिला. मला लागला कडू जहर. समदी म्हनली, चला, कडू लागतोय न्हवं, पान न्हाय. सुटलो. अंगावर डाग न्हाय, सूज न्हाय. आन मी तर बोबडं बोलाय लागल्याली. बापूराव म्हनलं, "वयनी, झोपंत हायसा का पिऊन बसलाय?" समदी हासली. मीबी हासाय गेले, तर व्हट हलंना.

दुधाच्या टेंपोत घालून बारामतीला नेली. वाटंत दम कमी पडाय लागला. डॉक्टरसायबांनी माज्या पापनीला बोट लावलं आन येकच सबूद बोललं, "मण्यार." तिचा दात इतका बारीक की खून दिसत न्हाय. ती लिंबाच्या पाल्याला इचारून चावत न्हाय. लस टोचली, नरड्यात नळी घातली. श्वासाची मशीन त्या दवाखान्यात न्हवती. एक रबरी पिशवी हुती. ती दाबली की माज्या छातीत वारं जायाचं, सोडली की भायेर यायाचं.

हितनं पुढं मी आत कोंडली गेले. कसं सांगू? खोलीत मी हाय, कडी भायेरनं लावल्याली, आन भायेरच्या लोकास्नी वाटतंय घर मोकळं हाय. पंख्याची कुरकुर ऐकू यायाची. व्हटावर माशी बसायची, तिचं पाय न पाय कळायचं. सुई टोचली की दुकायचं. पर बोट म्हनलं हाल, बोट हालंना. वरडावं म्हनलं, नरडं माजं न्हवंच. डॉक्टर पापनी वर करून बॅटरी मारायचं, तवा येवढंसं छत दिसायचं. पापनी सोडली की परत अंधार.

"बाहुली हलत नाही," शिस्टर हळूच म्हनली. त्ये बापूरावांनी ऐकलं.

"मंग वयनी गेल्या की, सायेब. वारं भरून भरून काय उपेग? घरी नेतो आमी."

डॉक्टर त्याच भागातलं, ऊसवाल्याचं पोरगं. ते चिडलं न्हायीत. म्हनलं, "बसा इथं सगळे. बापूराव, तुम्ही दारं धरता ना उसाला? पाट भरून पाणी आलंय, पण सरीचं दारं मोडून ते आत सोडायला माणूसच नाही. ऊस भिजेल का?"

"न्हाय भिजनार."

"तसं झालंय. मेंदूतून हुकूम सुटतो, नसेतून विजेसारखा पळत टोकापर्यंत येतो. पण नस स्नायूला चिकटलेली नसते. मधे केसाहून बारीक फट असते. ती फट विजेला ओलांडता येत नाही. तिथं नसेच्या टोकातून एका रसाचे थेंब सुटतात. ते थेंब पलीकडं जाऊन सांगतात, की हल. तो थेंब म्हणजे निरोप्या. मण्यारीच्या विषानं ती टोकंच मारलीत. थेंब सुटत नाही. हुकूम आहे, स्नायू आहे, मधला निरोप पोचत नाही."

मंग आत्याबाई म्हनाल्या, "म्हंजी माज्यावानीच की हो!"

मालकांच्या नाकातनं हासू फुटलं. त्या दिसात पयलं. मीबी हासले, पर ते माजं मला म्हाईत.

"पण आजी," डॉक्टर म्हनलं, "आत जाणारे निरोप चालू आहेत. कानाच्या, कातडीच्या नसा मेंदूकडं जातात, त्यांना काही झालं नाही. यांना सगळं ऐकू येतंय. यांच्यासमोर जपून बोला. आणि बोलत राहा."

"आन ती मेल्याली टोकं?" आत्याबाईंनी इचारलं.

"परत फुटतात. तोडलेल्या उसाचा खोडवा बुडातून फुटतो तशी. वेळ लागेल. तोवर श्वास आपण द्यायचा. पिशवी थांबली तर मात्र संपलं."

बोलत ऱ्हावा, असं आत्याबाईस्नी जन्मात कुनी सांगितलं न्हवतं. समदी गप बस म्हनायची. त्या उशाला बसल्या ती मांडी मोडली न्हाय. पिशवी दाबायला त्यास्नी शिकवावं लागलं न्हाय. "सड पिळल्यागत हाय की," म्हनाल्या. जन्मभर धारा काढल्यालं हात. मालकांचं हात भरून यायाचं, बापूराव मदीच थांबून कपाळ पुसायचं, पर आत्याबाईंचा ठेका चुकला न्हाय. दाबायच्या आन बोलायच्या. कोनाची गाय गाभन हाय, कोनाच्या सुनंनं इस्टुव्ह घेतला, कोनाचं जावई रुसून बसलं. मला वाटायचं, म्हातारे, जरा थांब. आन मनात लगीच यायाचं, थांबू नगंस गं, थांबलीस तर मी मेले.

एका दुपारी बापूराव म्हनलं, "आये, कोपऱ्यावर येश्टीडी हाय. डाळजच्या डेरीत फोन लावतो. वयनींच्या भावाला निरोप गेला पायजे. मागनं बोल लागाय नगं."

आत्याबाई गप झाल्या. पिशवी चालू, तोंड बंद. मला भ्या वाटलं. त्यास्नी गप बसल्यालं मी कवा ऐकलंच न्हवतं.

"जा, लाव फोन," त्या म्हनाल्या. "आन तू रं, तूबी जा च्या प्यायला. मी हाय हितं." मालकबी गेलं. शिस्टर पल्याडच्या खाटंकडं गेली. मंग आत्याबाई माज्या कानापाशी वाकल्या. तोंडाला मिसरीचा वास यायाचा.

"साळे," म्हनाल्या, "तुजी आय मला भिगवनच्या बाजारात भेटली हुती. जायाच्या आदी. म्हनली, इन्बाई, पोरीला सांगा, येकदा यिऊन तोंड दावून जा, मला बरं वाटंना. माजा हात धरून म्हनली. मी घरी आले. तू उसात वाकल्याली दिसलीस. म्हनलं, आता सांगितलं तर ही लगीच जाती, आन म्हयना बसती. खुरपनी सरू दे. खुरपनी सरायच्या आदी ती सरली. म्हस सुटल्याचं मी इसरले, साळे. ह्ये मी इसरले न्हाय. ह्ये मी ठिवून घेतलं."

पिशवी दाबली. सोडली.

"लोकं हासत्यात, तारचा निरोप पोचत न्हाय म्हनून. त्या हासन्यात माजं ह्येबी लपून ग्येलं. आता दागदर म्हनतोय तुला ऐकू जातंय. जात आसंल तर ऐक, आन काय श्या द्यायच्या त्या दे. पर उठून दे."

मी आत काय केलं ते कुनी बगितलं न्हाय. तिची मानगूट धरावी वाटली, तर हात न्हाय. ऊर बडवावा, तर ऊर तिच्या हातात. रडावं, तर श्वासबी तिचा. जिनं माजी आय तोडली तिच्याच हातानं मी जित्ती हुते. पळून कुठं जानार? तितंच पडून, तिचा ठेका ऐकत, सारखं एकच मनात यायाचं, आईनं मला बोलावलं हुतं. आईनं मला बोलावलं हुतं. त्यो जुना काटा निगाला, आन त्याच जागी दुसरा रुतला.

पुढं काय दिस तसंच गेलं. भाऊ आला, भायेर बाकड्यावर बसून ऱ्हायला. मंग एका सकाळी डॉक्टर म्हनलं, "साळूबाई, ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलवा." मी रोजच हलवत हुते, रोजच निरोप धाडत हुते. त्या दिवशी अंगठा हालला. आत्याबाईंनी दवाखाना डोस्क्यावर घेतला, "खोडवा फुटला रं! खोडवा फुटला!"

नळी काढली तवा समदी खाटंभवती. नरडं सोलवटल्यालं. बापूराव वाकून म्हनलं, "वयनी, पानी पायजे? काय पायजे?"

मी आत्याबाईंकडं बगितलं. म्हनलं, "डाळजचा निरोप पोचला."

"व्हय व्हय, पोचला की," बापूराव म्हनलं, "तुमचा भाऊ कवाचा यिऊन बसलाय भायेर!"

आत्याबाईंनी पदराचा बोळा तोंडात घातला आन त्या भायेर गेल्या. कुनाला काय कळलं न्हाय. परत त्यावर आमी दोगी कवाच बोललो न्हाय. मी माफ केलं असं न्हाय, आन श्याबी दिल्या न्हायीत. निरोप पोचला येवढं सांगितलं.

अंगात जरा ताकद आल्यावर आत्याबाईंनी माजं गठुडं बांदलं. रानात खुरपनी चालू हुती. म्हनाल्या, "जा डाळजला. म्हयनाभर ऱ्हा." मला यष्टीत बसवून दिलं. मी गेले, आईच्या चुलीपाशी बसले. चूल आता भावजयीची हुती. पर बसले.

त्या दिसापासनं आत्याबाईंची चाल बदलली. कुनी निरोप दिला की पायात वहान घालून थेट. वाटंत कुनी म्हनलं, ये की, टेक की जरा, तर हात हालवून पुढं. ज्याचा त्याला सांगितला, की मंग उंबऱ्यात बसून पाह्यजे तेवढं तोंड सोडायच्या. बापूराव म्हनायचं, "आमची तार आता अर्जंट झाली." त्या हासायच्या, आन मी कामाला लागायची.

गेल्या त्याबी तशाच. ल्हानसाच निरोप हुता, वरच्या आळीला सांगायचं की गायीचा डॉक्टर उद्या येनार हाय. मी म्हनलं, उन्हाचं नगं आत्याबाई, जेवून जावा. तर म्हनत्यात, "आदी सांगून येते, मंग जेवते." आल्या, वट्यावर टेकल्या. "सांगितलं गं, साळे," म्हनाल्या. मी ताट वाढून आनलं, तवर मान कलल्याली. मी ताट खाली ठिवलं आन त्यांच्या कानाशी बसले. लोकं जमंपतूर बोलत ऱ्हायले. कोनाची गाय व्याली, कोनाच्या पोरीचं जमलं, समदं. ऐकू गेलं का न्हाय, त्येंचं त्यास्नी म्हाईत.

ह्ये वाचनाऱ्याला माजं येवढंच मागनं हाय. कुनाचा निरोप तुमच्यापाशी ऱ्हायला आसंल, तर जेवाय बसायच्या आदी उठा आन सांगून या.