तात्यांची जितराबं

१० मे, रविवार. दुसऱ्या दिवशी अकराला पर्यावरण अभ्यासाचा पेपर होता. पिशवीत हॉल तिकीट ठेवलं, दोन पेनं ठेवली, पाण्याची बाटली धुऊन पालथी घातली. राहिली प्रकल्पाची फाईल. ती पेपरच्याच वेळी जमा करायची होती. झेरॉक्सच्या दुकानातून तयार आणलेली, विषय 'आपल्या परिसरातील नदी'. पहिल्या पानावर माझं नाव तेवढं घालायचं होतं. पेन उघडलं आणि तात्या आठवले.

तात्या सांडपाण्याला गूळ खाऊ घालायचे. आमच्या चाकणच्या कंपनीत सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटवर ते ऑपरेटर होते. टाकीत घाण खाणारे जिवाणू असतात. त्यांना ते जितराबं म्हणत, गोठ्यातल्या गुरांना म्हणतात तसं. गुरुवारी कंपनीला सुट्टी, कँटीन बंद, म्हणजे टाकीत घाण येत नाही आणि जिवाणू उपाशी राहतात. म्हणून दर गुरुवारी तात्या मोशीहून यायचे, बादलीत गूळ आणि शेण कालवायचे आणि टाकीच्या कडेकडेने ओतत फिरायचे. "सुट्टी मान्साला. जितराबाला कसली सुट्टी?" मोशीत त्यांची शेती होती, चार म्हशी होत्या. शेतात इमारती उभ्या राहिल्या, म्हशी विकल्या. सवय तेवढी राहिली.

मी क्वालिटीत. बारावीनंतर थांबलेलं शिक्षण पंचेचाळिशीत बाहेरून पूर्ण करत होते. बाकीचे विषय सुटले, पर्यावरणात नापास झाले. तो एक पेपर सुटला की पदवी, आणि पदवी असल्याशिवाय कंपनी सुपरवायझर करत नाही. माझ्या हाताखाली शिकलेल्या दोघी झाल्यासुद्धा. जेवणाच्या सुट्टीत मी गाईड घेऊन प्लँटजवळच्या बाकावर बसायचे. वासामुळे तिथं कोणी फिरकत नसे.

"पाठ करतीयस व्हय?" तात्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. "मागल्या टायमाला काय केलंतं?"

"तेच."

"मग निकाल बी त्योच."

त्या दिवशी मी जैवरासायनिक ऑक्सिजन मागणीची तीन ओळींची व्याख्या घोकत होते. त्यांनी मला उठवून टाकीशी नेलं. "हितं खायाला किती पडलंय, त्यावर जितराबाला श्वास किती लागंल ते ठरतं. खाणं जादा झालं की दम लागतो. श्वास पुरला न्हाई की मेलं. झाली तुजी व्याख्या." ती मी पुन्हा विसरले नाही.

त्यांची दुसरी सवय वासाची. पाणी स्टीलच्या ग्लासात घ्यायचं, उन्हाकडे धरायचं, हुंगायचं आणि मगच मीटर लावायचा. "आधी वास, मग आकडा." साहेब हसायचे. एकदा मीटर सगळं ठीक दाखवत असताना तात्यांनी बाहेर जाणारं पाणी अडवून धरलं. तपासलं तर मीटरच बिघडलेला. त्यानंतर साहेब हसायचे थांबले नाहीत, पण आधी तात्यांना विचारायला लागले.

दिवाळीत ही फाईल मी त्यांना दाखवली. चष्मा आणला नव्हता, म्हणाले, वाच. मी वाचलं, 'नदीकाठी घनदाट झाडी असून पाणी नितळ आहे. विविध जातींचे मासे व कासवे आढळतात.' तात्यांनी शेवटच्या पानापर्यंत ऐकून घेतलं.

"नदी झकास हाय. कुठं हाय म्हनायची? मला बी ने एकदा."

"तात्या, वेळ कुठंय मला? सगळे हेच देतात."

"गुरुवारी गूळ घालून झाला की चल माझ्यासंगं, मोशीच्या घाटावर. मी दावतो, तू लिव."

तो गुरुवार ओव्हरटाइमचा निघाला. पुढचाही. मी दर वेळी पुढच्या गुरुवारी म्हणायचे आणि ते म्हणायचे, "नदी हाय तिथंच. तू ओव्हरटाइम काढ पोरी."

जानेवारीत एका बुधवारी पहाटे, अंघोळीचं पाणी तापवताना ते गेले. गुरुवारी टाकीला गूळ कोणी घातला नाही, टाकीत हवा सोडायचा पंपही कोणी लावला नाही. शुक्रवारी वास पार आमच्या खात्यापर्यंत आला, तेव्हा साहेबांनी माणूस शोधायला घेतला.

आता तिथं सेन्सर आहे. गुळाऐवजी पुडीतली पावडर टाकतात. चालतं. बाकावर मी अजून बसते. व्याख्या सगळ्या येतात. त्या म्हणून दाखवाव्यात असं कोणी येत नाही, एवढंच.

पेनाला टोपण लावलं. फाईल रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवली. प्रकल्पाशिवाय पास करत नाहीत हे मला माहीत होतं. पॅडला कोरे कागद लावले आणि पाचचा गजर लावून झोपले.

सकाळी साडेसहाला मोशीच्या घाटावर स्कूटर लावली. दोन्ही काठांना जलपर्णी, मधून काळपट पाणी, दगडांशी फेस. घरून आणलेल्या स्टीलच्या ग्लासात पाणी घेतलं, उन्हाकडे धरलं. मग पायरीवर बसून झाडं मोजली, नदीत येणारे नाले मोजले. मासा दिसला नाही, तसं लिहिलं. साडेआठपर्यंत चार पानं भरली. अकराला पेपरला बसायच्या आधी ती टाचून जमा केली. पहिली ओळ होती, 'आधी वास घेतला.'