आधी नाक दाखवा

"आधी नाक दाखवा," असं मॅडम म्हणायच्या आणि डोळा दाखवायला आलेला माणूस गांगरून जायचा. नगरकडच्या कर्जत भागातल्या आमच्या सरकारी दवाखान्यात त्या डोळे तपासायच्या, मी शेजारच्या खिडकीतून औषधं द्यायचो. एका म्हाताऱ्यानं तर मला येऊन विचारलं, "बाई डोळ्याच्याच हायेत नव्हं?"

तुम्हीही कुणाच्या कपाळावर नागीण पाहिली असेल. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या तरी त्यांचा जंतू अंगातून जात नाही. नसेत दडून बसतो आणि उतारवयात नागीण होऊन वर येतो. तिचा फोड नाकाच्या शेंड्यावर उतरला की डोळ्याला धोका समजायचा, कारण दोन्हीकडे जाणारी नस एकच. मॅडमनी हे इतक्यांदा सांगितलं की मीही बाजारात लोकांच्या नाकाकडे बघू लागलो आणि दोन-तीनदा चांगलाच ओशाळलो.

पण आमच्याकडे नागीण झाली की लोक आधी जातात शेजारच्या गावातल्या एका आजींकडे. आजी फोडांवर गेरू लिंपतात आणि नागिणीचं तोंड-शेपूट जुळू नये म्हणून पुढे गेरूचीच रेघ ओढतात. गेरू आपोआप गळेपर्यंत तोंड धुवायचं नाही. शिलाईकाम करणाऱ्या एक बाई अशाच आठ दिवस घरात बसल्या. आमच्याकडे आल्या तेव्हा पापणी चिकटलेली होती. ती सोडवली तर बुबुळावर फूल पडलेलं. तो डोळा पुन्हा कामाचा राहिला नाही.

मी भडकलो. "आजींची तक्रार करा," म्हणालो. दुपारी ओपीडी संपल्यावर मॅडमनी स्कूटी काढली आणि म्हणाल्या, "भाऊ, बसा मागं."

आजींच्या ओसरीवर त्यांनी चहा घेतला, तोही दोनदा. मग म्हणाल्या, "आजी, मला गेरू पटत नाही, हे तोंडावर सांगते. निदान कपाळावरच्या नागिणीला हात लावू नका. त्याच दिवशी माझ्याकडं धाडा."

"मंग माजं काय ऱ्हायलं? लोक इस्वासानं येत्यात माज्याकडं."

"म्हणून तर आले. ते माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात."

आजींनी रिकामे कप उचलले. परतताना मी म्हणालो, "मॅडम, पेट्रोल फुकट गेलं." त्या हसल्या आणि पुढच्या महिन्यात पुन्हा गेल्या. मग दर महिन्याला जात राहिल्या. आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशनही त्यांनीच नगरला नेऊन करवलं. तरी आजींनी पाठवलेला एकही माणूस आमच्या दारात आला नाही.

मग मॅडमची देवळालीकडे बदली झाली. निरोपाच्या दिवशी त्यांनी भाषण केलं नाही. मला फक्त विचारलं, "आजींनी कुणाला धाडलं का हो?" मी नकारार्थी मान हलवली.

दोन महिन्यांनी, दवाखाना उघडता उघडता, फाटकात रिक्षा थांबली. एका टेम्पो ड्रायव्हरचं मनगट धरून आजी उतरल्या. त्याच्या कपाळभर फोड, नाकाच्या शेंड्यावरही एक. गेरूचा मात्र ठिपकासुद्धा नाही.

"काल सांजच्याला उठलंय," आजी नव्या डॉक्टरांना म्हणाल्या. "ह्यो म्हनतो गेरू लावा. मी म्हनलं, गाडी चालवायची हाय ना तुला? मंग मुकाट्यानं चल."

दिवसातून पाच वेळा गोळ्या, डोळ्यात मलम. महिन्याभरात त्यानं एकेक डोळा झाकून तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली. बाहेर येऊन आजींच्या पाया पडला. मॅडमचं नावही त्याला ठाऊक नव्हतं. अशा बाईच्या शेजारच्या खिडकीत मी सहा वर्षं बसलो, हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो.

त्या दिवशी मला राहवलं नाही. मॅडमना फोन लावून सगळं सांगितलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "परत एकदा सांगा. सावकाश."