गाळलेलं दहावं प्रकरण

समोरच्या फ्लॅटमधल्या अक्काबाई श्रावणात पोथी वाचायच्या. माहेर कळवणकडचं, शाळा चौथीपर्यंत. पण वाचन असं, की दुपारी तिन्ही मजल्यांवरच्या बायका त्यांच्या हॉलमध्ये येऊन बसत. मीही जायची. लेखिका असल्यामुळे जरा मागे, भिंतीला टेकून, निरीक्षण करत.

अठ्ठ्याण्णव साली साखरेनं त्यांचे डोळे नेले. पोथी बंद झाली, बायकाही यायच्या थांबल्या. त्यांची सून पल्लवी एक दिवस माझ्याकडे आली. म्हणाली, काकू, आई दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात, तुम्ही काहीतरी वाचून कॅसेटवर भरून द्याल का?

पोथीच भरून दिली असती तर काम झालं असतं. पण मला अक्काबाईंची अभिरुची वाढवायची होती. माझ्याकडे एक जाडजूड इंग्रजी कादंबरी होती. अमेरिकेच्या दक्षिणेकडचं छोटं गाव, कापसाची शेतं, चर्च, आणि तिथे आईविना वाढणारी एक मुलगी. तिचा अनुवाद मी करते आहे, हे मी दोन व्याख्यानमालांत जाहीर केलं होतं. सात वर्षांत पहिलं पानही झालं नव्हतं. म्हटलं, तोंडी तरी करू. स्वयंपाकघराचं दार लावून, कुकर उतरवून, मी वाचता वाचता मराठी करत गेले. मुलीच्या दोघी आंटी होत्या. एकीला आत्या केलं, दुसरीला मावशी. चौदा कॅसेटी झाल्या. माझा आवाज मला फारच आवडला.

अक्काबाई आंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन मगच टेप लावत. प्रकरण सुरू असताना मध्ये उठत नसत, कुणाशी बोलत नसत. हे मी चार जणींना हसत हसत सांगितलं. मग एकदा पाहते तर त्यांच्या दाराबाहेर चपलाच चपला. सकाळी ऐकलेलं त्या दुपारी बायकांना सांगत होत्या. चर्चमध्ये कोण कुणाशेजारी बसलं नाही, पोरीच्या फ्रॉकवरून कोण काय बोललं, सगळं. आणि माझ्यापेक्षा चांगलं. माझ्या कथासंग्रहाच्या प्रकाशनाला एवढ्या चपला नव्हत्या.

घोळ अकराव्या प्रकरणाला झाला. नवव्यात मुलगी कुणाकडे राहणार यावरून आत्या-मावशीचं बोलणं तुटलं होतं. अकराव्यात दोघी एका टेबलाशी बसून तिच्यासाठी झगा शिवत होत्या. खालच्या मजल्यावरच्या कुसाबाईंनी विचारलं, यांचं जमलं कधी? आणि मावशीचा नवरा गेला कुठं? अक्काबाईंना सांगता येईना. त्यांनी टेप तीनदा ऐकला. शेवटी कुसाबाई म्हणाल्या, "राहू द्या अक्का. या वयात विसरायला होतंच."

कारण मला माहीत होतं. दहावं प्रकरण मी गाळलं होतं. तीस पानं नुसती लोणची आणि मयताच्या घरी कुणी काय शिजवून धाडलं त्याची जंत्री. मला ते कंटाळवाणं वाटलं. मला, जिच्या कथांत समीक्षकांना चुलीचा वास येतो. शिवाय त्या दिवशी घरी पाहुणे होते.

अक्काबाईंनी मला बोलावून घेतलं. "मोहिनी, डोळे गेले ते गेले. आता डोकंबी चाललंय का, तेवढं खरं सांग. तसं असंल तर बायकांना बोलावणं मी बंद करते."

मी म्हटलं, परदेशी लेखक अशा जागा मुद्दाम मोकळ्या सोडतात.

दुसऱ्या दिवशी टेप लागला नाही. पल्लवीनं जिन्यात सांगितलं, आई स्वतःची परीक्षा घेतात. सगळ्या नणंदा-जावांची नावं ओळीनं म्हणतात आणि चुकलं का ते मला विचारतात. त्या दुपारी मी पुस्तक घेऊन गेले. बायकांना बोलवायला लावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की अक्का काही विसरल्या नाहीत, ते प्रकरण मीच वाचलं नव्हतं.

"म्हणजे माझं डोकं ठीक हाय," अक्काबाई म्हणाल्या. मग पुन्हा, कुसाबाई बसल्या होत्या त्या दिशेला वळून, "ठीक हाय."

मी दहावं प्रकरण वाचायला घेतलं. मावशीचा नवरा वारतो. अबोला न सोडता आत्या भांडंभर जेवण धाडते. इथवर आले, तोच कुसाबाई म्हणाल्या, "आता भांडं रिकामं नाय जायचं." पान उलटलं. मावशीनं त्यात लोणचं घालून धाडलं होतं. मग ते भांडं तीस पानं दोन घरांत येत-जात राहिलं, आणि शेवटी ते परत करायला मावशी स्वतः गेली. बायका हुंकार देत होत्या. पुढे काय होणार ते त्यांना माझ्या आधी कळत होतं. जंत्री मला एकटीलाच दिसली होती.

संपल्यावर अक्काबाईंनी विचारलं, "अजून कुठं गाळलंस?"

कुठेच नाही, मी म्हटलं. त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं आणि तसंच धरलं. शेवटी मी सांगितलं: चौथ्यात सहा पानं, सातव्यात कापसाचं सगळं. आणि शेवट मला पटला नव्हता, तो थोडा सुधारलाय.

"पोथीत गाळलं तर पहिल्यापासून धरावं लागतं," अक्काबाई म्हणाल्या. "हे काही वेगळं नाय. पल्लवी, हिला पाणी दे."