दुखण्याची रेघ

माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकतात आणि बोटं वाकडी झाल्यामुळे अक्षरही वाकडं येतं. वाचणाऱ्याने माफ करावं. शाळा चौथीपर्यंतच झाली. माझ्यासारखं कुणाला झालं तर उपयोग होईल म्हणून लिहिते.

"रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं. मी मान हलवली. रडू आलं नाही, भीतीही वाटली नाही. बिबवेवाडीत शोभाताईंच्या मेसमध्ये मी पोळ्या करायची. कॉम्प्युटरच्या कंपन्यांतली मुलं तिथे जेवत. संध्याकाळची कणीक कोण मळेल, एवढंच मनात आलं.

आजार थोपवायला एक औषध दिलं. ते हळूहळू लागू पडणार होतं. तोवर दुखणं थांबवायला वेगळी गोळी. ती जेवणानंतर घ्यायची, असं बाईंनी बजावलं होतं. पण पोळ्या करणारी बाई जेवते सगळ्यांच्या शेवटी, आणि गोळीशिवाय हात चालत नव्हते. मी ती चहाबरोबर आधीच घ्यायची.

मग शौचाला काळं होऊ लागलं. लाजेने कुणाला बोलले नाही. एक दिवस तव्यापाशीच पडले.

दवाखान्यात एंडोस्कोपी केली. घशातून नळी घालून पोट बघतात. पोटात अल्सर, म्हणजे जखम होती, त्यातून रक्त जात होतं. रक्ताच्या पिशव्या चढवल्या. मी छताकडे बघत पडून असायची. बिल शोभाताईंनी भरलं. पगारातून कापून घेईन, पळून जाऊ नका, असं म्हणाल्या आणि मोसंबं सोलून हातात दिलं.

जखम भरल्यावर डॉक्टरीणबाईंनी ट्रायलबद्दल सांगितलं. ट्रायल म्हणजे नवं औषध माणसांना देऊन पारखतात. दुखणं थांबेल पण पोटाला कमी त्रास होईल, अशी गोळी शोधत होते. काहींना ती नवी, काहींना जुनीच, पण सोबत पोट सांभाळणारी गोळी. गोळ्या दिसायला सगळ्यांच्या सारख्याच, म्हणून कुणाला कुठली, हे त्यांनाही माहीत नसायचं. धोका काय, नको वाटलं तर कधीही सोडता येईल, सगळं समजावलं. मी सही केली.

दर खेपेला बाकावर खूप वेळ बसायचं. मग कागदावर एक आडवी रेघ. एका टोकाला 'अजिबात दुखत नाही', दुसऱ्या टोकाला 'सहन होत नाही'. आपल्याला जितकं दुखतं तिथे खूण करायची. बाई इतक्या आपुलकीने वागत, त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी खूण 'दुखत नाही'च्या जवळच करायची.

एकदा त्यांनी मला गोळ्यांची नवी बाटली उघडायला सांगितली. झाकण फिरेना. मी ती पदरात धरून बघितली, मग दातांकडे नेली.

बाई कागदाकडे बघत म्हणाल्या, "मावशी, कागदावर तर तुम्ही कुस्ती खेळू शकता."

मी खाली मान घातली.

"तुमची खूण खरी धरली तर ही गोळी चांगली ठरेल. मग तुमच्यासारख्याच दुसऱ्या बाईला तीच मिळेल, आणि तिचेही हात असेच राहतील. मला बरं वाटावं म्हणून लिहू नका."

दुसरा कागद दिला. मी खूण पार पलीकडे केली. आधीच्या खुणा खऱ्या नव्हत्या, हेही सांगितलं. त्यांनी ते नोंदवून घेतलं.

पुढे तशाच एका औषधाने परदेशात काहींच्या हृदयाला त्रास झाल्याचं कळलं आणि आमची ट्रायल थांबवली. मला नवी गोळी होती की जुनी, ते नंतर कळलं. जुनीच होती. त्याचंही काही वाटलं नाही. शोध चालूच आहे, असं बाई म्हणाल्या. आजार थोपवणारं औषध तोवर लागू पडलं होतं. आता गोळी क्वचित लागते, आणि शोभाताई मला आधी जेवायला बसवतात.

मागच्या महिन्यात पगारातले बिलाचे शेवटचे पैसे मी काढून दिले. शोभाताईंनी न मोजता डब्यात टाकले आणि विचारलं, "हात कसे आहेत?"

बरे आहेत, असं तोंडावर आलं होतं.

"दुखतात," मी म्हणाले.

त्यांनी माझ्यापुढची कणकेची परात स्वतःकडे ओढून घेतली.