अण्णांचा मोर

गुरुवारी सकाळी दाढी करत होतो, तेवढ्यात अण्णांच्या मुलाचा फोन आला. "काका, अण्णा गेले." मी विचारलं, "कुठं?" ...सगळी हयात मास्तरकीत घालवलेला माणूस, अन् विचारतो काय, तर कुठं! पोरगं पलीकडं रडायलाच लागलं. अर्धी दाढी तशीच ठेवून मी त्यांच्या घरी धावलो. त्याला आता दीड महिना झाला.

येडशीत अण्णांचं किराणा दुकान. घरात कानडी, गल्ल्यावर मराठी, आणि पोरगं हाताशी आल्यापासून रविवार मोकळा. मी रिटायर झालो, घरात उगाच सगळ्यांवर खेकसायला लागलो, तेव्हा अण्णा एका रविवारी दारात हजर. "चला मास्तर, डोंगरावर जाऊ. वहिनींचं डोकं लई खाल्लं तुम्ही." तेव्हापासून नऊ वर्षं आमचा रविवार रामलिंगच्या डोंगरात गेला. अर्ध्या चढावर वनखात्याची जुनी चौकी आहे. कौलं निम्मी गेलेली, दाराला फळी नाही, आणि कोपऱ्यात एक माठ. तो भरायचा हा अण्णांचा नेम. पाच लिटरचा कॅन खांद्यावर घेऊन चढायचं, माठ भरायचा, मगच माथा. माथ्यावर भाकरी, शेंगाचटणी, आणि खाली काडेपेटीएवढी रेल्वे. "कोण पितं हो हे पाणी?" मी एकदा वैतागून विचारलं. "गुराखी पितो, गार्ड पितो, न्हायतर मुंग्या पितात. तुमचं काय जातंय?" कॅनला मात्र मला कधी हात लावू दिला नाही. आणि खरं सांगू का, मीही फार आग्रह केला नाही.

गेल्या दिवाळीनंतर ते चिंचेच्या वळणावर थांबायला लागले. "थांबा मास्तर, मोर हाय." मी आपला डोळे फाडून झाडीत बघायचो. चार-पाच रविवार असे गेले, तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात शिरलं... मोर कसला, माणसाला दम लागतोय. सदरा घामानं भिजलेला, ओठ पांढरेफटक. मी दवाखान्याचं नाव काढलं, तर त्यांनी माझा हात धरला. "घरी सांगू नका. सांगितलं की रविवार बंद." मी कबूल झालो. त्यांच्या शब्दाखातर म्हणावं, तर तेही खोटं. रविवार मलाही हवा होता. त्यानंतर ते थांबले की मीच विचारायचो, "कुठंय हो मोर?"

अण्णा गेल्यावर हे गिळून बसणं जमेना. गेल्या शनिवारी अण्णांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्का ओसरीवर तूर पाखडत होत्या. मी सगळं सांगून टाकलं. सूप थांबलं.

"सांगायचं व्हतं, मास्तर."

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या उठून आत गेल्या. आता काही बाहेर येत नाहीत, असं समजून मी चपला घातल्या, तर त्या कॅन घेऊन आल्या, गळ्यापर्यंत भरलेला. "माठ कोरडा पडला असंल," म्हणाल्या, आणि परत सुपाशी जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी एकटाच निघालो. पाच लिटर म्हणजे किती, ते नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या खांद्याला कळलं. चिंचेच्या वळणावर श्वास पुरेना. कॅन खाली ठेवला आणि उगाच झाडीत बघत उभा राहिलो... कुणी विचारलं असतं, तर मीही मोरच सांगितला असता. मग कॅन उचलला. चौकीतला माठ तळापर्यंत कोरडा होता.