पांढऱ्या कपड्यांतले पाच जण

साहेबराव वाघमारे पंचायत समितीच्या पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होता आणि उदगीरच्या फुटबॉल संघाचा कप्तान होता. पहिल्या कामासाठी लोक त्याची वाट बघायचे, दुसऱ्यावरून बायको बोलायची. ब्याऐंशीच्या ऑगस्टात उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा सगळीकडच्या पाट्या रंगवायला पेंटर पुरेनात. टँकरच्या दारावर कुणीतरी घाईघाईत 'जि. लातूर' असं लिहून गेला. खालचं उस्मानाबाद त्यातून डोकावायचं ते डोकावायचंच. पाऊसही त्या साली निम्म्यावरून परतला होता. साहेबराव पहाटेपासून तीन-चार गावांच्या आडात पाणी ओतायचा, दुपारी टँकर जागेवर लावायचा, आणि दिवस कलायच्या आत मैदानावर हजर असायचा. मैदान म्हणजे काय, तर माळ. गवताची काडी नाही, आणि पडलं की गुडघ्याची कातडी मैदानाची.

संघात कोण होतं? गोलात संगप्पा, शिंपी, हात लांब आणि तोंड त्याहून लांब. पुढे रामकिशन, पोस्टमन, दिवसभर पायीच असायचा म्हणून दमच लागायचा नाही. बाकी एक मोंढ्यातला हमाल, दोघे भाऊ वीटभट्टीवरचे, एक बँकेतला शिपाई, असे मिळून अकरा. बारावा कधीच नसायचा. आजवर उस्मानाबादच्या जिल्हा संघात यांच्यातला एकही कधी गेला नव्हता. आता जिल्हाच नवा झाला होता, आणि नव्या जिल्ह्याचा पहिला फुटबॉल संघ निवडायचा होता.

निवड केरबा गुरुजींच्या हातात होती. गुरुजी लातूरचे, सरळ माणूस, पण कागदावर लई जीव. त्यांनी साहेबरावला स्वच्छ सांगितलं की लातूरची कॉलेजची मुलं तयार आहेत, शिस्तीतली आहेत, तुमचं मला काही माहीत नाही. तेव्हा नांदेडच्या गोदाकाठ क्लबाशी एक दोस्ताना सामना खेळून दाखवा. जिंकलात किंवा बरोबरीत सुटलात, तर तुमचे अकराच्या अकरा जिल्ह्याचे. हरलात, तर एखाद-दुसरा घेऊ, बाकी कॉलेजची मुलं. साहेबराव तेव्हा एकतीसचा होता. ड्रायव्हरच्या गुडघ्यांना त्यापुढे फार वर्षं नसतात, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. जिल्ह्याचा शर्ट अंगावर चढायचा तर तो याच साली.

गोदाकाठ म्हणजे त्या काळात मराठवाड्यातलं बडं प्रस्थ. हैदराबादला जाऊन खेळणारे लोक. आणि बड्यांची एक जुनी सवय असते. लहान संघानं दोस्तान्याला बोलावलं, की हे येतात, हसून हात मिळवतात, जेवतात, आणि मैदानात दुसरी फळी उतरवतात. वर औदार्य म्हणून आपले दोन गडी समोरच्यांना उसने देतात, म्हणजे सामना जरा बरोबरीचा दिसावा. मोठमोठे देशही असंच करतात, असं संगप्पानं हॉटेलातल्या पेपरात वाचलं होतं. दुबळ्या देशाशी गाठ पडली की नावाजलेले खेळाडू बाकावर बसतात, नवशिके खेळतात. जिंकले तर कौतुक, हरले तर म्हणायचं, आम्ही नव्या पोरांना आजमावत होतो. म्हणजे हरायची सोय आधीच करून ठेवलेली. संगप्पाला हे शहाणपणाचं वाटलं. साहेबरावच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याला कारण बहात्तरचा दुष्काळ. तेव्हा तो विशीत होता, आईबरोबर पाझर तलावाच्या कामावर दगड वाहायचा, सुकडी खाऊन दिवस काढायचा. ओव्हरसियर आणि कारकून मंडळींनी एक बॉल आणला होता. बाजारच्या दिवशी काम बंद असलं की ते मजुरांशी खेळायचे. साहेबराव तिथंच खेळ शिकला. एका बाजारच्या दिवशी त्यानं गोल मारला, आयुष्यातला पहिला. बांधावरच्या बायांनी टाळ्या वाजवल्या, त्याच्या आईनं तर पाटीच वर धरली. संध्याकाळी पाणी प्यायला तो ओव्हरसियरच्या तंबूमागे गेला, तेव्हा आतून हसणं ऐकू आलं. गोलात उभा राहिलेला कारकूनच सांगत होता की पोरगं उपाशी दिसत होतं, म्हणून बाजूला झालो. साहेबरावनं आईला हे कधीच सांगितलं नाही. सुकडी त्यानं घेतली होती, ती पोटासाठी. गोल दान म्हणून घ्यायची वेळ यावी, याचा त्याला दहा वर्षांनंतरही राग येत होता. रास्त होता तो राग.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी नायगाव-देगलूरवरून धूळ खात गोदाकाठची मेटॅडोर आली. कुणीतरी सुचवलं होतं की टँकरभर पाणी मैदानावर मार, पाहुण्यांसमोर धूळ तरी बसेल. साहेबरावनं त्या माणसाकडे असं पाहिलं, की तो सामना बघायलासुद्धा पुढच्या रांगेत बसला नाही.

मेटॅडोरमधून अठरा जण उतरले. तेरा जण खेळाच्या कपड्यांत होते. पाच जण इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आणि टेरिलीनच्या पॅन्टमध्ये होते, ते सरळ लिंबाखाली जाऊन बसले. त्यातला उंच, मिशीवाला नरसिंग, गोदाकाठचा खरा कप्तान. त्यानं मोकळेपणानं सांगूनही टाकलं की पुढच्या आठवड्यात हैदराबादची स्पर्धा आहे, पाय राखायचेत, आज पोरं खेळतील. मग तो साहेबरावच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आमच्यातले दोन चांगले गडी तुम्ही घ्या. खेळाला रंगत येईल."

"न्हाई," साहेबराव म्हणाला. "अकरा जण आमच्याकडंबी हायत."

नरसिंगला वाईट वाटलं असावं, कारण त्याच्या मनात खरंच काही वाईट नव्हतं. केरबा गुरुजींनी दोन्हीकडची नावं कागदावर घेतली आणि नियम वाचून दाखवला. गोदाकाठचे तेरा, उदगीरचे अकरा. कागदावर नाव नाही तो मैदानात उतरणार नाही, उतरायचाच तर समोरच्या कप्तानाची परवानगी लागेल. लिंबाखालचे पाच जण हे ऐकून हसले. त्यांना कशाला उतरायची पाळी येते!

पण झालं भलतंच. गोदाकाठची पोरं गवताच्या मैदानाला सरावलेली. उदगीरच्या माळावर बॉल दगडाला लागून कुठं उडेल याचा नेम नसे, आणि तो नेम उदगीरच्या लोकांना वर्षानुवर्षांच्या सरावानं पाठ होता. साहेबराव मध्ये भिंतीसारखा उभा राहिला. विसाव्या मिनिटाला त्यानं पाठवलेला बॉल एका खडकावर उडाला, रामकिशन त्यावर तुटून पडला आणि गोल झाला. माळावर एकच गलका झाला. हाफटाइमची शिट्टी झाली तेव्हा उदगीर एक, गोदाकाठ शून्य.

केरबा गुरुजींनी खिशातून पेन काढलं, पुन्हा ठेवलं. ते साहेबरावच्या जवळ येऊन हळूच म्हणाले की असंच धरून ठेवा, माझा शब्द पक्का आहे. तेवढ्यात नरसिंग आला. या वेळी हसत नव्हता. त्यानं सरळ विचारलं की आम्हा पाच जणांना उतरू द्याल का. कागदावर नावं नाहीत, तुमची मर्जी असेल तरच.

साहेबरावनं त्याला उलट विचारलं, "गोल सोडला काय तुमच्या पोरांनी?"

नरसिंगचा चेहरा पडला. नाही, म्हणाला, आईशप्पथ नाही. साहेबरावला ते खरंही वाटलं. पण पुढे कुणी म्हणेल की गोदाकाठची दुसरी फळी होती, तेव्हा त्याला काय उत्तर द्यायचं, हे त्याला सापडत नव्हतं. आणि दुसऱ्या बाजूला अकरा शर्ट होते.

संघ त्याच्याभोवती बसला. संगप्पा तर उसळलाच. चिडला की तो कन्नडात उतरायचा, तसा थोडा उतरला, मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीवर आला. "कागद आपल्या बाजूनं हाय, साहेबराव. तू काय येडा झालास का? त्यानला लिंबाखाली बसू दे की."

साहेबरावनं गुडघ्यातली खडी काढली. मग म्हणाला, "अर्ध्या नांदेडाला हरवून आपुन पुरा जिल्हा व्हायचो न्हाई. ते आपल्याला बघायला आल्ते, खेळायला न्हाई. आता खेळतो म्हणायलेत. म्या न्हाई कसं म्हणू?"

रामकिशन पहिला उठला. भट्टीवरचे दोघे भाऊ उठले. संगप्पा सगळ्यात शेवटी उठला, शिव्या देत, पण हातमोजे घालत.

शर्टांचं काय झालं ते आधीच सांगून टाकलेलं बरं, उगीच आशेवर ठेवण्यात अर्थ नाही. जिल्ह्याच्या यादीत उदगीरची दोन नावं लागली, संगप्पा आणि रामकिशन. साहेबराव वाघमारेचं नाव त्या यादीत नव्हतं, आणि पुढच्या कुठल्याच यादीत लागलं नाही. त्याची बायको पंचशीला शाळेत मास्तरीण होती, तिनं यादी वाचून एवढंच विचारलं की तुम्हाला पस्तावा होतो का. तो नाही म्हणाला, आणि ती त्याला पुरती ओळखून होती, म्हणून तिनं पुन्हा विचारलं नाही.

तर दुसरा हाफ. लिंबावर पाच पांढरे शर्ट लोंबत होते आणि त्यांचे मालक मैदानात होते. पहिल्या दहा मिनिटांतच फरक कळला. बॉल त्यांच्या पायाला चिकटल्यासारखा चालायचा. बरोबरी झाली. मग नरसिंगनं स्वतः लांबून एक असा हाणला, की संगप्पा हात वर करेपर्यंत गोल झालेला. दोन-एक. आता सहा-सात खाणार, असं म्हणत काही लोक उठलेही.

खाल्ले नाहीत. इथून पुढची वीस मिनिटं उदगीर जे खेळलं, ते तिथं हजर असलेले अजून सांगतात. हमालानं गोदाकाठच्या सगळ्यात नामांकित गड्याला एकदाही वळू दिलं नाही. रामकिशनचा एक फटका खांबाला लागून परत आला. साहेबराव एक पाय ओढत होता, तरी प्रत्येक बॉलवर पोचत होता, आणि गोदाकाठचे गडी आता एकमेकांवर ओरडत होते. एकदा तर दोघांनी मिळून त्याला आडवं केलं. तो धुळीत पडल्या पडल्या हसला. लोकांना वाटलं, डोक्याला मार लागला.

दोन मिनिटं उरली होती. उदगीरचे दहा जण पुढे चढलेले. बॉल नरसिंगच्या पायात आला, समोर मोकळं मैदान होतं, त्याचे दोन गडी बॉल मागत होते. नरसिंगनं वर पाहिलं, आणि बॉल बाजूच्या ज्वारीच्या धसकटांत जितका लांब जाईल तितका लांब हाणून दिला. जीव वाचवायला, वेळ काढायला फुटबॉलमध्ये दुबळे असं करतात. बडे करतात, तेव्हा ते घाबरलेले असतात.

बॉल आणायला साहेबराव स्वतःच धसकटांतून लंगडत गेला. परत आला तेव्हा नरसिंग रेषेवर गुडघ्यांवर हात टेकून उभा होता, धापा टाकत, मिशीत धूळ भरलेली. साहेबराव त्याच्यासमोर थांबला.

"वेळ काढायलास का, कप्तान?"

नरसिंगनं मान वर केली नाही. "हाव," तो म्हणाला.

साहेबरावनं बॉल डोक्यावर धरला आणि आत फेकला.