तपासणारीचं नाव

सौंसरच्या ज्या कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवतो, तिथल्या केमिस्ट्रीच्या लॅबसाठी नवीन तापमापक आले. काचेचे नाही. स्टीलची कांडी, तिला वायर, अन् वायरच्या टोकाला यूएसबी. कांडी गरम पाण्यात बुडवली की आकडा कॉम्प्युटरच्या पडद्यावर यायला पाहिजे. दोन खोक्यांत मिळून चोवीस कांड्या होत्या. प्राचार्यांनी मोठ्या हौसेनं मागवल्या अन् लॅबमधल्या एकाही कॉम्प्युटरनं त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

आमच्या लॅबमध्ये विंडोज नाही, लिनक्स आहे. तो आणायचा आग्रह माझा होता, म्हणून कॉम्प्युटरला काहीही झालं की खापर माझ्याच डोक्यावर फुटते. "तुमच्या लिनक्सनं घोळ केला, तुम्हीच निस्तरा," प्राचार्य म्हणाले. मी तापट माणूस आहे. दोन दिवस कुरकुर केली, मग बसलो पाहात.

घोळ छोटाच होता. यूएसबीच्या प्रत्येक वस्तूच्या पोटात दोन नंबर असतात, एक बनवणाऱ्याचा अन् एक त्या मॉडेलचा. लिनक्सचा जो गाभा आहे, कर्नेल म्हणतात त्याला, त्याच्यात ड्रायव्हर नावाचे प्रोग्रॅम असतात. वस्तूशी बोलायचं काम त्यांचं. कोणकोणत्या नंबरच्या वस्तूशी बोलायचं याची यादी ज्याच्या त्याच्याजवळ लिहिलेली असते. आमच्या कांडीतली चिप जुनीच होती, तिचा ड्रायव्हरही कर्नेलात बसलेला होता. फक्त कंपनीनं नंबर नवा टाकला होता. यादीत नंबर नाही म्हणून ड्रायव्हर तिला हात लावत नव्हता. म्हणजे काम काय, तर यादीत एक ओळ वाढवायची.

ही ओळ आपल्यापुरती वाढवता येते, पण मग कर्नेल बदललं की पुन्हा तेच रडगाणं. म्हणून ती मूळ कर्नेलातच जावी लागते. त्यासाठी बदल मेलनं पाठवायचा. तो मेल उघड्यावर असतो, जगातला कोणीही वाचू शकतो. त्या ड्रायव्हरवर देखरेख करणारे गृहस्थ तो तपासतात, चुका काढतात, पटला तर आत घेतात. मेलच्या शेवटी नावं लिहायची रीत आहे. बदल करणारा सही करतो, अन् त्याखाली एक ओळ, ज्यानं खरी वस्तू हातात घेऊन तपासलं त्याची. नाव अन् ईमेल. एकदा बदल आत गेला की ती नावं कायमची. मागून पुसता येत नाहीत अन् घालताही येत नाहीत.

आता ताईंबद्दल सांगतो. आमची लॅब सांभाळायला एक ताई आहेत, कंत्राटावर. मी पांढुर्ण्याचा, ताई जाम नदीच्या पलीकडे सावरगावच्या, त्यामुळे रोजची बस एकच. घरी आई, अर्धांगानं खाटेवर पडलेली. तिला दुपारचं शेजारीण जेवू घालते. स्टाफरूममध्ये कप सगळ्यांसाठी होते, तरी ताई चहाला आपला स्टीलचा गिलास घेऊन यायच्या. काहून, ते मी कधी विचारलं नाही. मला माहीत होतं म्हणून विचारलं नाही.

मी पहिल्या खोक्यातली एक कांडी घेतली, तिचा नंबर यादीत टाकला, कर्नेल नव्यानं बनवलं, अन् पडद्यावर तापमान आलं. मी खूश. आता मेल पाठवतो म्हटलं.

"थांबा न सर," ताई म्हणाल्या. "सगळ्या लावून पाहू का?"

"एकाच कंपनीच्या, एकाच ऑर्डरच्या आहेत ताई. काय पाहायचं त्याच्यात?"

त्यांनी तरी पाहिलं. वही घेतली, एकेक कांडी लावली, एकेकीचा नंबर लिहिला. तासाभरानं माझ्याजवळ आल्या. "सर, दुसऱ्या खोक्यातल्या नऊ कांड्या वेगळाच नंबर सांगून राहिल्या."

"नीट पाहा."

"तीनदा पाहिलं जी."

मी उठून पाहिलं. बरोबर होतं त्यांचं. दिसायला तंतोतंत सारख्या, पण नऊ जणींचा नंबर निराळा. मी होतो त्या भरात मेल पाठवला असता तर त्या नऊ कांड्या तशाच मुक्या राहिल्या असत्या अन् माझी शोभा झाली असती. दोन ओळी टाकल्या. पुढचे चार दिवस ताईंनी चोवीसही कांड्या तपासल्या. थंड पाण्यात, उकळत्या पाण्यात, काढून, पुन्हा लावून, काचेच्या तापमापकाशी ताडून. मी स्टाफरूममध्ये चहा पीत होतो. खरं ते सांगतो.

नावाच्या रीतीबद्दल मीच त्यांना सांगितलं. त्या ऐकतच राहिल्या. "म्हंजे माझं नाव तिकडं राहीन?"

"कायमचं."

तोवर त्यांचं सगळं भाच्याच्या ईमेलवर चालायचं. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या नावानं नवीन ईमेल काढून, चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहून आणला. मी पहिला मेल पाठवला, त्यात तपासणारी म्हणून त्यांचं नाव होतं. पाठवायच्या आधी मी त्यांना पडद्यावर दाखवलंही. त्यांनी ती ओळ मोठ्यानं वाचली.

तो मेल परत आला. माझ्या मेलच्या प्रोग्रॅमनं ओळींमधल्या मोकळ्या जागा बिघडवून टाकल्या होत्या. देखरेख करणाऱ्या गृहस्थांनी लिहिलं, नीट करून पुन्हा पाठवा, अन् हे दोन्ही नंबरांवर तपासलं आहे का ते सांगा.

मधल्या काळात प्राचार्यांनी मीटिंगमध्ये जाहीर करून टाकलं होतं, आमच्या सरांचं काम जगात चाललं. नोटीस बोर्डावर कागद लागला. जे लोक मला वर्षानुवर्षं 'लिनक्सवाले' म्हणून चिडवत होते ते हात मिळवून राहिले होते. आयत्या बिळावर नागोबा कसा होतो ते मला तेव्हा कळलं. खूप गार वाटते आत.

मी मेल पुन्हा लिहायला बसलो. माझं नाव लिहिलं. खाली त्यांच्या ओळीपाशी आलो तर हात थांबला. हा मेल प्राचार्य छापून फ्रेम करणार होते, तसं बोलले होते. लोक वाचतील. म्हणतील, दुसरा नंबर तिनं शोधला, तपासलं तिनं, मग सरांनी काय केलं, दोन ओळी टाइप केल्या? अन् लॅबवाल्या बाईचं नाव माझ्या नावाखाली, एकाच फ्रेममध्ये. हेही मनात आलं. आलं नव्हतं असं म्हणणार नाही.

मी विसरलो नाही. चिठ्ठी शर्टच्या खिशातच होती. मी ती ओळ लिहिली नाही, बस. अन् त्या गृहस्थांना उत्तर दिलं, हो, दोन्ही नंबरांवर मी तपासलं आहे. आठवड्याभरात बदल आत गेला.

"गेलं का सर नाव?" बसमध्ये ताईंनी विचारलं.

"गेलं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी संत्रा बर्फी आणली. पहिला तुकडा मला. खाई त्याला खवखवे म्हणतात. मी दोन तुकडे खाल्ले अन् मला काही झालं नाही.

पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हापासून तिथे नवीन ऑफिसं उघडून राहिली आहेत. अशाच एका सरकारी केंद्रात कॉम्प्युटर लॅब सांभाळायची जागा निघाली, लिनक्स येणारं माणूस पाहिजे म्हणून. ताईंच्या घरून पूल ओलांडला की पायी दहा मिनिटं. दुपारी घरी येऊन आईला स्वतःच्या हातानं भरवता आलं असतं. त्यांनी अर्ज केला, मुलाखतीला गेल्या, अन् तिथे सांगितलं की कर्नेलमध्ये आपलं नाव आहे. मुलाखत घेणाऱ्यांपैकी एकाला या कामाची माहिती होती. त्यानं लॅपटॉपवर शोधलं. नाव नव्हतं. तो म्हणाला, तुमच्या सरांकडून सोमवारपर्यंत लिहून आणा की तपासणी तुम्ही केली, मग पाहू.

ताई शुक्रवारी लॅबमध्ये आल्या. मला हे सगळं शांतपणे सांगितलं. मग विचारलं, "सर, माझं नाव राहून गेलं का?"

मला वाटलं, देवच पावला. त्यांनीच दार उघडून दिलं होतं. "हो ताई, राहूनच गेलं. दुसऱ्यांदा पाठवायच्या घाईत."

त्यांनी टेबलावरचा कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "बरं. मंग तेवढं लिहून द्या जी," म्हणाल्या.

लिहून द्यायचं तर कॉलेजच्या लेटरहेडवर, खाली प्राचार्यांची सही. 'दुसरा नंबर यांनी शोधला, सर्व तपासणी यांनी केली' हे वाक्य मी लिहिलं. खोडलं. प्राचार्य वाचणार, वर भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहणार. मग मी लिहिलं, 'सदर कामात त्यांनी बहुमोल सहकार्य केले.' बहुमोल हा शब्द माझ्या पदरचा. तेवढी दानत दाखवली.

शनिवारी कागद दिला. त्यांनी उभ्या उभ्या वाचला, दोनदा वाचला. "हे सहकार्य म्हंजे मी काय केलं, सर?"

"सरकारी भाषेत असंच लिहितात ताई. त्यांना समजते."

त्यांनी मान हलवली, कागदाची घडी केली अन् पर्समध्ये ठेवली.

बुधवारी निवड झालेल्यांची यादी लागली. त्या जागेवर दुसऱ्याच कोणाचं नाव होतं. गुरुवारी सकाळी बसमध्ये ताई आधीच बसल्या होत्या, बाजूची जागा रिकामी होती. मी बसलो. चोराच्या मनात चांदणं, म्हणून मीच आधी बोललो. "कागद दिला होता न तुम्ही?"

"नाही दिला जी."

"काहून?" माझा आवाज चढला. लाजिरवाणी गोष्ट, पण मला त्यांचाच राग आला होता. "मी एवढं लिहून दिलं, अन् तुम्ही दिलाच नाही?"

"मी तिथं सांगितलं होतं, मी तपासलं. तुमचा कागद म्हणते सहकार्य केलं. तो दिला असता तं मी खोटी ठरली असती."

ताई खिडकीबाहेर पाहात बोलल्या, आवाज अजिबात न चढवता. "त्या साहेबानं मले दोन्ही मेल दाखवले होते सर. पहिल्यात माझं नाव होतं. दुसऱ्यात नव्हतं. तो म्हणाला, घातलेलं नाव कोणी काढलं तं काही कारण असन, म्हणून सरांकडून लिहून आणा. मी त्याले म्हटलं, सर विसरले असतीन."

"ताई..."

"तुम्हाले विचारलं तवा मले मालूम होतं जी," त्या म्हणाल्या. "तरी विचारलं. म्हटलं, सर एकडाव खरं सांगतीन."